घरी सांगायचं कसं? बाजारात बुडालेल्या पैशांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली पत्रं एकाच विषयावरची आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (म्हणजे पुढच्या ठरावीक मुदतीतल्या भावावर केलेल्या सौद्यांमध्ये) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले आणि एकूण नुकसान १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेलं. २०२४-२५ मध्येही हे प्रमाण ९१ टक्के होतं. हे पैसे कुठल्या ना कुठल्या घरातले होते. त्या घरात तो विषय काढायचा कसा, हा आजच्या पत्रांमधला समान धागा.

“थोडं सांगून अंदाज घ्यावा का?”

*माझं वय ३९. नाशिकला खासगी कंपनीत नोकरी, हातात ८२,००० येतात. पत्नी शाळेत शिक्षिका आहे. घराच्या कर्जाचा २४,००० हप्ता मी भरतो. अडीच वर्षांपूर्वी निफ्टीच्या ऑप्शन्समध्ये ट्रेडिंग सुरू केलं. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली सहा लाखांची एफडी मोडली, म्युच्युअल फंडाची ३,४०,००० ची युनिट्स विकली. क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकले आहेत, दोन लोन ॲप्सचे ६०,००० आणि मित्राचे दीड लाख देणं आहे. गेल्या महिन्यात पाच लाखांचं पर्सनल लोन काढलं, तेही बाजारातच गेलं. पत्नीला यातलं काहीच माहीत नाही. आधी दोन-तीन लाखांचं सांगून अंदाज घ्यावा, की कर्ज फिटेपर्यंत गप्प राहावं?*

दोन्ही नको. गप्प राहिलात तर कर्ज फिटायला पाच वर्षं लागतील आणि तेवढ्या काळात बँकेचं एखादं पत्र, वसुलीचा एखादा फोन किंवा मित्राच्या बायकोचा एखादा शब्द घरी पोचणारच. ‘दोन-तीन लाख’ सांगितलेत, तर पत्नी त्या आकड्याशी कशीबशी जुळवून घेईल आणि महिन्याभराने खरा आकडा कळला की पहिल्या कबुलीलाही किंमत राहणार नाही. अशा घरांत नातं बहुतेक वेळा तुटतं ते दुसऱ्यांदा कळलेल्या आकड्याने. म्हणून एकदाच सांगा, आणि पूर्ण सांगा.

पूर्ण सांगायचं तर आधी तुम्हाला स्वतःला पूर्ण माहीत हवं. तुमच्या पत्रातल्या रकमांची बेरीज १७,७०,००० होते. पण हा ट्रेडिंगचा तोटा आहे असं समजू नका. यातला काही पैसा जुन्या कर्जाचे हप्ते, कार्डाचं व्याज आणि घरखर्चाची तूट भरण्यात गेलेला असतो. खरा तोटा काढायची रीत सोपी आहे: पहिल्या दिवसापासून ब्रोकरकडे बँकेतून गेलेले एकूण पैसे, वजा तिथून बँकेत परत आलेले, वजा आज खात्यात असलेली शिल्लक. त्यासाठी ब्रोकरच्या संकेतस्थळावरून प्रत्येक आर्थिक वर्षाचं लेजर (खात्यातल्या जमा-खर्चाची नोंद) आणि टॅक्स पी-अँड-एल (करासाठीचा नफा-तोट्याचा तक्ता) अशी दोन्ही डाउनलोड करा. ॲपच्या पहिल्या पडद्यावर दिसणारा नफा-तोटा अनेकदा ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर), जीएसटी धरत नाही, त्यामुळे तोटा कमी दिसतो. लेजर सगळं धरतं. दोन ब्रोकर असतील तर दोन्हीकडची कागदपत्रं हवीत.

उदाहरणापुरतं समजू की हा हिशोब १५,२०,००० वर आला. मग उरलेले २,५०,००० कुठे गेले ते बँक स्टेटमेंटमधून शोधा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन संध्याकाळी जातील. पण पत्नी नेमका हाच प्रश्न विचारेल, आणि त्या वेळी “आठवत नाही” हे उत्तर सगळ्यात महागात पडतं, कारण ते ऐकणाऱ्याला आणखी काहीतरी दडवल्यासारखं वाटतं.

कर्जाच्या बाजूला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. लोन ॲपमागे खरी वित्तसंस्था कोणती, हेही त्यात कळतं. मित्राचे दीड लाख त्यात येणार नाहीत, हातउसने घेतलेले सगळे वेगळ्या कागदावर लिहा. सोनं गहाण आहे का, एलआयसी पॉलिसीवर कर्ज काढलंय का, पीएफमधून उचल केलीय का, तेही लिहा. शेवटी एका पानावर तीन ओळी झाल्या पाहिजेत: गेलेली बचत ९,४०,०००, आज शिल्लक असलेलं कर्ज ८,३०,०००, आणि जे शाबूत आहे ते (घर, पीएफ, विमा, पत्नीचं सोनं).

बोलायला बसण्याआधी ट्रेडिंग बंद झालेलं असलं पाहिजे. उघडे सौदे असतील तर ते कापा. विकलेला ऑप्शन उघडा ठेवून घरी कबुली देणं फार धोक्याचं, कारण त्यातला तोटा वाढत जातो आणि तुम्ही सांगितलेला आकडा दोन दिवसांत खोटा ठरतो. मग ब्रोकरच्या खात्यात जाऊन फ्युचर्स-ऑप्शन्सचा सेगमेंट (त्या सौद्यांची सोय) निष्क्रिय करा आणि त्याचा ईमेल जपून ठेवा. खात्याचा ऑनलाइन वापर स्वतःहून गोठवण्याची सोयही सेबीच्या नियमांनुसार प्रत्येक ब्रोकरला द्यावी लागते. “सांगण्याआधी एक शेवटचा सौदा करून निदान लाखभर तरी भरून काढू” हा विचार येईल. तुमचं पाच लाखांचं पर्सनल लोन बहुधा अशाच एका विचारातून निघालं असावं.

वेळ निवडताना शनिवारची किंवा रविवारची सकाळ घ्या, मुलगी आजीकडे किंवा क्लासला असताना. रात्री झोपताना नको, गाडीत नको, सणाच्या आदल्या दिवशी नको, सासू-सासऱ्यांसमोर तर मुळीच नको. पत्नीला पहिल्यांदा एकटीला कळण्याचा अधिकार आहे. पहिलंच वाक्य आकड्याचं असू द्या: “मी ऑप्शन्सच्या ट्रेडिंगमध्ये पंधरा लाख वीस हजार रुपये घालवलेत. आपल्या बचतीतले नऊ लाख चाळीस हजार गेलेत आणि आठ लाख तीस हजारांचं कर्ज आहे. घराचे हप्ते थकलेले नाहीत. ट्रेडिंग बंद केलंय. हा सगळा हिशोब.” कागद समोर ठेवा आणि थांबा. प्रस्तावना लांबली की समोरचं माणूस आजारपण, दुसरी बाई, नोकरी गेली असं काहीही मनात आणतं.

मग ती जे बोलेल ते ऐका. ती रडेल, ओरडेल, किंवा उठून आत जाईल. त्या पंधरा-वीस मिनिटांत “तुमच्यासाठीच केलं” म्हणू नका, कारण त्याने तोट्याचं ओझं तिच्यावर जातं. ९३ टक्क्यांचा सेबीचा आकडाही तेव्हा काढू नका. तो खरा असला तरी त्या क्षणी बचाव वाटतो.

तिचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कधीपासून? अजून कोणाला माहीत आहे? घर गहाण आहे का? माझं सोनं जागेवर आहे का? माझी सही कुठे वापरलीस का? आणि हमखास येणारा एक: “थांबलो तर शेअर परत वर येतील ना?” याचं उत्तर स्पष्ट द्या. शेअर घेऊन ठेवला असता तर थांबण्याला काही अर्थ होता. विकत घेतलेल्या ऑप्शनला मुदत असते. त्या दिवशी भाव तुमच्या बाजूला नसेल तर त्याची किंमत शून्य होते आणि तो सौदा कायमचा संपतो. परत येण्यासारखं तिथे काही उरलेलं नसतं. हे तिला नीट कळलं तर “अजून थोडे घालून काढून घे” असा सल्ला घरातूनच येण्याची शक्यताही संपते. तोही येतो कधी कधी.

सोन्याबद्दल: तिला न विचारता स्त्रीधन गहाण टाकलं असेल तर ते याच बैठकीत सांगा. स्त्रीधन ही स्त्रीची पूर्णपणे स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यापासून वारंवार सांगितलंय. ते सोडवणं तुमच्या यादीत सगळ्यात वर हवं.

फेडण्याचं नियोजन पहिल्याच दिवशी ठरवू नका, पण कच्चा आराखडा तयार ठेवा. पाच लाख, १४ टक्के, पाच वर्षं असं धरलं तर पर्सनल लोनचा हप्ता ११,६३४ येतो. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के असेल तर १,२०,००० वर ४,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा ४,९५६ नुसते व्याजात जातात. म्हणून कार्ड आणि लोन ॲप्स आधी. कार्डाच्या बँकेला थकबाकी हप्त्यांत बदलून मागा, दर बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास येतो. तुमच्या पगारातून घराचा हप्ता, पर्सनल लोन आणि ३०,००० घरखर्च वजा जाता १६,३६६ उरतात. ते सगळे त्या दोघांवर लावले तर वर्ष-सव्वा वर्षात दोन्ही संपतात. मित्राला तोवर खरं कारण सांगून लेखी मुदत मागा. ‘सेटलमेंट’ची, म्हणजे थोडी रक्कम घेऊन कर्ज बंद करण्याची, ऑफर आली तर घाईने घेऊ नका. क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे घराच्या कर्जाचा दर बदलून घेतानाही आडवा येतो. ऑटो-डेबिटचा हप्ता परत जाऊ देऊ नका, कारण त्याबद्दल २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली चेक बाउन्ससारखीच कारवाई होऊ शकते. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. तसे फोन आले तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, क्रमांक १४४४८.

घराच्या कर्जावर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घेऊन महागडी कर्जं फेडावीत, असं कोणीतरी सुचवेल. व्याजाच्या हिशोबाने ते बरोबर असू शकतं. पण त्याने राहतं घर या तोट्याला बांधलं जातं, म्हणून हा निर्णय पत्नीच्या संमतीनेच आणि ट्रेडिंग बंद होऊन सहा महिने गेल्यावरच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तिचा पगार या कर्जाकडे वळवायचा का, हेही तिने ठरवायचं. तुम्ही मागायचं नाही.

विश्वास शब्दांनी परत येत नाही, पण त्याची व्यवस्था करता येते. चार क्रेडिट कंपन्यांचे चार फुकट अहवाल एकाच दिवशी न काढता दर तीन महिन्यांनी एक असे काढा आणि दोघांनी मिळून बघा. नवं कर्ज घेतलं गेलं तर ते लपणार नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला अर्धा तास हिशोब, एरवी दिवसभर त्या विषयावर टोमणे नाहीत, असं दोघांनी ठरवलं तर घर चालतं.

आणि एक. हे सांगण्यापेक्षा जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असा विचार एकदाही मनात आला असेल, तर हिशोबाचे कागद बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. कर्जाची यादी दोन दिवसांनी केली तरी काही बिघडत नाही.

“मुलाने सांगितलं. आता आम्ही काय करू?”

*मुलगा २५ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. गणपतीत घरी आला तेव्हा रडत सांगितलं की ट्रेडिंगमध्ये सात लाख गेले, त्यात चार लाखांचं कर्ज आहे. यांनी रागाने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. आता म्हणतात, माझ्या ग्रॅच्युइटीतून एकदाचं फेडून टाकू. मला भीती वाटते. — एक आई, कोल्हापूर*

भीती योग्य आहे. मुलाने स्वतःहून सांगितलं ही गोष्ट मोठी आहे, ती आधी त्याला बोलून दाखवा. वडिलांनीही. अबोला धरला तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

पण सगळं कर्ज एका झटक्यात फेडून टाकू नका. त्याचं क्रेडिट कार्ड रिकामं होतं, पगार मोकळा होतो आणि ‘आता आई-बाबांचे पैसे परत करण्यासाठी’ तो पुन्हा बाजारात उतरतो. या धोक्याकडे कुटुंबं सर्रास दुर्लक्ष करतात. मदत करायचीच असेल तर सगळ्यात महाग कर्ज तेवढं तुम्ही फेडा. पैसे त्याच्या खात्यात न भरता थेट त्या संस्थेच्या कर्ज खात्यात भरा आणि ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र मागून घ्या. बाकीचे हप्ते त्याच्या पगारातून जाऊ देत, मग ते तीन वर्षं का चालेनात.

त्याआधी सात लाख हा आकडा खरा आहे का ते बघा. तो तुमच्याशेजारी बसून क्रेडिट रिपोर्ट आणि ब्रोकरचं लेजर उघडेल असं करा. पोलिसी थाटात मागू नका. “आपण दोघं मिळून बघू” म्हणा. पहिल्या कबुलीत आकडा कमी सांगण्याची प्रवृत्ती माणसात असते. जास्त निघाला तर आरडाओरड न करता नवा आकडा लिहा.

फोन काढून घेणं निरुपयोगी, कारण ऑफिसच्या लॅपटॉपवरही सगळं चालतं. त्याऐवजी काही प्रश्न शांतपणे विचारा. तोटा झाला की लगेच मोठा सौदा करायचास का? बाजार बंद असलेल्या दिवशी चिडचिड व्हायची का? झोप, जेवण, मित्र तुटलेत का? हो म्हणाला तर हा जुगाराच्या व्यसनाशी जुळणारा प्रकार आहे आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार आहेत. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पुण्यात चांगले डॉक्टर मिळतील, पहिल्या भेटीला तुमच्यापैकी एकाने सोबत जावं.

ग्रॅच्युइटीबद्दल वडिलांना एकच सांगा: मुलापुढे कमाईची पस्तीस वर्षं आहेत, तुमच्या दोघांपुढे नाहीत.

“त्यांच्या खात्यातले पैसे होते”

*व्हॉट्सॲपवरच्या शेअर टिप्सच्या ग्रुपमधून एक ॲप घेतलं. सुरुवातीला २,००० काढता आले. मग दीड महिन्यात ४,६०,००० भरले, त्यातले तीन लाख आमच्या ह्यांच्या खात्यातून. ॲपवर आता ११ लाख दिसतात, पण काढायचे तर आधी ८८,००० टॅक्स भरा म्हणतात. तेवढे भरून पैसे काढले की मगच ह्यांना सांगावं असं वाटतंय. — ठाणे*

ते ८८,००० भरू नका. ॲपवरचे ११ लाख कुठेच अस्तित्वात नाहीत, ते फक्त पडद्यावर लिहिलेले आकडे आहेत. भारतात शेअरच्या नफ्यावरचा कर ब्रोकर असा आधी मागून घेत नाही. तो तुम्ही प्राप्तिकर विभागाला भरता. सुरुवातीचे २,००० काढू देणं हा सापळ्याचाच भाग होता.

आणि यजमानांना आज सांगा, संध्याकाळची वाट न बघता. कारण व्यावहारिक आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकतात ती गोठवण्याचा प्रयत्न होतो, आणि इथे तास महत्त्वाचे असतात. दीड महिन्यापूर्वीचे पैसे बहुधा पुढे गेले असतील, पण शेवटचे काही हप्ते अजून सापडू शकतात. तीन लाख त्यांच्या खात्यातून गेलेत, म्हणजे व्यवहाराचे तपशील, त्यांचं बँक स्टेटमेंट आणि त्यांची सही लागणारच. त्यांच्याशिवाय तक्रार अर्धवट राहील.

त्यांना सांगायला वाक्य असं चालेल: “माझी फसवणूक झालीय, चार लाख साठ हजार गेलेत, त्यातले तीन तुमच्या खात्यातले. आत्ता १९३० ला फोन करायचाय, माझ्याजवळ बसा.” काम हातात असलं की रागाला थोडी वाट मिळते.

तक्रारीआधी ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि ॲप काढून टाकू नका. आधी ग्रुपचं नाव, ॲडमिनचे क्रमांक, ॲपचा पडदा, पैसे पाठवलेले सगळे यूपीआय आयडी आणि खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक, तारीख आणि रक्कम एका कागदावर उतरवा. मग १९३०, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे जाऊन पावती. बँकेलाही ईमेल करा. पण बँक भरपाई देईल या आशेवर राहू नका, कारण पिन टाकून पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

यानंतर एक फोन येईल: “आम्ही तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा.” फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. ती दुसरी फसवणूक असते. पुढे कधी ब्रोकरला पैसे भरायची वेळ आली तर सेबी-नोंदणीकृत संस्थांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय आयडी आलेत, ते आणि सेबीच्या संकेतस्थळावरची नोंदणी दोन्ही तपासा.

नवऱ्याने “तू मूर्ख आहेस” म्हटलं तर हे पत्र त्यांना वाचायला द्या. या टोळ्या डॉक्टर, बँक अधिकारी, निवृत्त अभियंते अशा लोकांनाही फसवतात. हा पूर्ण वेळ चालवलेला धंदा आहे.

“मामा-आत्यांचे पैसे घेतले होते”

*सांगली जिल्ह्यातलं गाव. महिना तीन टक्के देतो म्हणून आठ नातेवाइकांकडून एकूण २२ लाख घेऊन ट्रेडिंग केलं. पहिले पाच महिने परतावा दिला, खरं तर त्यांच्याच मुद्दलातून. आता साडेचार लाख उरलेत. वडिलांना सांगू की आधी नातेवाइकांना?*

आधी वकिलाला. तुमचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आहे, कारण यात कायदा थेट येतो. ठरावीक परताव्याचं आश्वासन देऊन लोकांचे पैसे घेणाऱ्या ‘कोणत्याही व्यक्ती’ला महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागू होऊ शकतो. त्यात सहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि मालमत्ता जप्त होऊ शकते. शिवाय भारतीय न्याय संहितेतली फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं आहेत. दुसऱ्याचे पैसे सांभाळून गुंतवायला सेबीची नोंदणी लागते, ती तुमच्याकडे नाही. फौजदारी कामं बघणारा जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील गाठा आणि त्याला काहीही न लपवता सांगा.

आजपासून तीन गोष्टी बंद: नवे पैसे घेणं, ट्रेडिंग, आणि कोणालाही ‘महिन्याचा परतावा’ देणं. उरलेले साडेचार लाख वेगळ्या बँक खात्यात हलवा आणि त्याला हात लावू नका. जो मामा जास्त ओरडेल त्याला गुपचूप लाखभर देऊन गप्प करण्याचा मोह होईल. तसं केलंत तर बाकी सातजणांच्या दृष्टीने ती दुसरी फसवणूक ठरते.

मग प्रत्येकाच्या नावासमोर घेतलेले, दिलेले, देणं असलेले असे तीन रकाने करा. पाच महिने तीन टक्क्यांनी दिलेले पैसे ‘परतावा’ म्हणून दाखवू नका, ती मुद्दलाची परतफेड आहे. २२ लाखांवर ती ३,३०,००० होते. म्हणजे देणं १८,७०,००० आणि हातात ४,५०,०००.

वडिलांना नातेवाइकांच्या आधी सांगा, निदान एक दिवस आधी. गावात पहिली विचारणा त्यांच्याकडेच होणार आणि त्यांनी ती भर चौकात ऐकणं योग्य नाही. पण “शेत विकून भागवू” असं ते बोलून बसण्याआधी त्यांना सांगा की कसलंही लेखी वचन वकिलाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कोरा चेक तर कोणालाच नाही. नातेवाइकांना एकत्र बसवा, सगळ्यांना एकच कागद द्या, एकाच प्रमाणात वाटप सुचवा. पैसे भरायला खासगी सावकाराचं दार ठोठावू नका. कोणी आधीच विनापरवाना सावकारीत अडकवलं असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

“बाबांना हृदयविकार आहे”

*बाबांच्या निवृत्तीच्या पैशातले दहा लाख त्यांच्या संमतीने मी हाताळत होतो, ते गेले. बायपास झालीय. सांगावं का? — डोंबिवली*

सांगावं, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून “एक मोठी वाईट बातमी द्यायचीय, कधी देऊ” असं विचारा. आईला आणि असतील त्या भावंडांना आधी विश्वासात घ्या. बाबांचे पैसे आहेत, त्यामुळे त्यांना कधीच न सांगणं बरोबर नाही. उद्या ते त्या पैशांच्या भरवशावर इच्छापत्र करतील किंवा नातीच्या लग्नाला शब्द देतील.

बाबांना मुद्दलापेक्षा दरमहाची चिंता जास्त असेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के धरले तर दहा लाखांवर वर्षाला ८२,००० मिळाले असते, म्हणजे महिना ६,८३३. तेवढी रक्कम तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात दर एक तारखेला आपोआप जाईल अशी सूचना बँकेला आधी देऊन ठेवा. मग बोला: “बाबा, दहा लाख माझ्या हातून गेले. तुमचे महिन्याचे पैसे या महिन्यापासून मी देतोय. मुद्दल मी किती वर्षांत भरू शकतो ते या कागदावर आहे.” त्यांच्या बाकीच्या खात्यांचे पासवर्ड आणि सह्यांचे अधिकार त्याच दिवशी त्यांच्याकडे परत द्या.

“तोटाच झाला, मग रिटर्न कशाला?”

*पगारदार आहे. ऑप्शन्समध्ये चार लाख गेले. — नागपूर*

भरा, आणि मुदतीच्या आत भरा. फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न हे व्यवसायाचं उत्पन्न मानलं जातं, त्यामुळे रिटर्नचा आयटीआर-३ हा फॉर्म लागतो. पगारदारांचा नेहमीचा साधा फॉर्म चालत नाही. हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण त्याच वर्षीच्या एफडीच्या व्याजातून, घरभाड्यातून किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून वजा करण्यासाठी ओढता येतो, मात्र रिटर्न वेळेत भरलं असेल तरच. शेअरच्या इंट्राडेचा (त्याच दिवशी घेऊन विकण्याचा) तोटा वेगळा, तो सट्ट्याचा मानतात आणि चारच वर्षं ओढता येतो. क्रिप्टोचा तोटा कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही. सीएकडे जाताना ब्रोकरचा टॅक्स पी-अँड-एल, लेजर आणि बँक स्टेटमेंट घेऊन जा. घरी अजून बोलला नसाल, तर सीएकडून परत आलेलं हेच पाकीट समोर ठेवून बोलायला बसता येईल.